हवा पकडा, मोजा, तोला: वायूंचे जुने प्रयोग घरच्या घरी

मराठीत ‘गॅस’ म्हटलं की आधी सिलिंडर आठवतो, मग पोट. हा शब्द ब्रुसेल्सजवळच्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट या वैद्याने घडवला, ‘केऑस’ म्हणजे गोंधळ या ग्रीक शब्दावरून. ६२ पौंड कोळसा जाळल्यावर राख जेमतेम १ पौंड उरते, मग बाकीचे ६१ पौंड गेले कुठे, हा त्याचा प्रश्न. ते हवेसारख्या कुठल्या तरी रूपात उडून गेले असणार, असं त्याचं उत्तर होतं. पण उडून गेलेलं ते काही त्याला कोंडता आलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली हे लिखाण छापलं गेलं आणि पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं लोक प्रामुख्याने या एका कामाला लागले: न दिसणारी गोष्ट भांड्यात पकडायची कशी आणि तिचं मोजमाप करायचं कसं?

त्यातले पाच-सहा प्रयोग घरी करता येतात. शनिवारी दुपारी मुलं गोळा करून मी ते अनेकदा केले आहेत आणि अनेकदा फसलेही आहेत. कुठे फसतं तेही सांगतो. पाठ्यपुस्तकातले प्रयोग नेहमी यशस्वी होतात, कारण ते कुणी केलेले नसतात.

आधी दोन बंधनं. पारा वापरायचा नाही. टॉरिसेली, बॉइल, प्रीस्टली या जुन्या शास्त्रज्ञांनी तो भांडी भरभरून वापरला, पण त्याची वाफ विषारी असते. दुसरं बंधन हायड्रोजनचं: जस्त आणि आम्लाचा खेळ शाळेच्या प्रयोगशाळेतच राहू द्या. डोळ्यांवर साधा चष्मा, खिडक्या उघड्या आणि वायू तयार होत असलेली बाटली घट्ट बंद करायची नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वही. प्रत्येक प्रयोगाआधी ‘काय येईल’ ते लिहायचं, नंतर ‘काय आलं’ ते. मुलं हे टाळतात. मोठी माणसं तर फारच टाळतात.

पहिलं काम: पकडायची सोय

लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचा पाद्री स्टीफन हेल्स याने १७२७ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात एक साधी जोडणी दाखवली. एका भांड्यात पदार्थ तापवायचा, त्यातून निघणारी हवा नळीने दुसरीकडे न्यायची आणि पाण्यात उपडं धरलेल्या, पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडबुड्यांनी सोडायची. पाणी खाली उतरतं आणि त्याच्या जागी वायू भरतो. गंमत म्हणजे हेल्सला प्रत्येक पदार्थातून किती हवा निघते एवढंच मोजायचं होतं. ती वेगवेगळ्या जातीची असेल ही शंका त्याने फारशी धरली नाही. सोन्याची खाण खोदून त्याने फक्त मातीचे घमेले मोजले, म्हणा ना.

आपल्याला लागेल एक टब किंवा घमेलं, दोन-तीन काचेच्या बाटल्या आणि सलाइनची किंवा मत्स्यालयाची बारीक नळी. बाटलीवर मापं आधीच करून ठेवा: सिरिंजने ५०-५० मिलीलिटर पाणी ओतत जा आणि प्रत्येक वेळी बाहेरून चिकटपट्टी लावा. आता बाटली काठोकाठ भरा, तोंडावर तळहात दाबा, उलटी करून टबातल्या पाण्याखाली न्या आणि मग हात काढा. पहिल्या दोन वेळा हवा शिरतेच. पाण्याखालूनच नळी बाटलीच्या तोंडात सरकवा आणि फुंका. तुमच्या फुप्फुसातली हवा तुम्ही कोंडली.

वाचन घेताना एक पथ्य पाळा. बाटली वरखाली करून आतल्या-बाहेरच्या पाण्याची पातळी एक करायची, मगच आकडा वाचायचा. आतलं पाणी उंच असेल तर आतला वायू किंचित ताणलेला असतो आणि माप फुगतं.

हवेची स्प्रिंग

या लेखातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग हाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

रॉबर्ट बॉइलने १६६२ साली जे-आकाराची काचेची नळी घेतली. आखूड टोक बंद, लांब टोक उघडं. लांब टोकातून पारा ओतत गेला आणि आखूड टोकात अडकलेली हवा किती आक्रसते ते लिहीत गेला. नळी इतकी लांब होती की काम जिन्यात करावं लागलं. आधीची एक नळी पुरेसं काम होण्यापूर्वीच फुटली. त्याच्या तक्त्यात हवेची १२ इंचांची उंची निम्म्यावर, म्हणजे ६ इंचांवर आली तेव्हा पाऱ्याच्या उंचीत मोजलेला दाब २९ पूर्णांक २/१६ इंचांवरून ५८ पूर्णांक १३/१६ इंचांवर गेला होता. शेजारी त्याने आणखी एक रकाना ठेवला होता: गृहीतकाप्रमाणे, म्हणजे हवा निम्म्या जागेत कोंबली तर दाब दुप्पट या हिशोबाने, किती यायला हवा. तिथे आकडा आहे ५८ पूर्णांक २/८. फरक एक टक्क्याच्या आत. मला त्या नियमापेक्षा हा रकाना जास्त आवडतो. आपणही तोच आखणार.

साहित्य: २० मिलीलिटरची सुई नसलेली सिरिंज, एम-सील, जाडसर लाकडी ठोकळा, जुनी सीडी आणि साखरेचे १ किलोचे तीन पुडे.

दट्ट्या बरोबर २० वर आणा आणि तो न हलवता सिरिंजचं तोंड एम-सीलने बुजवा. एक रात्र सुकू द्या. ठोकळ्याला भोक पाडून त्यात तोंड बसेल आणि सिरिंज उभी राहील असं करा. दट्ट्याच्या डोक्यावर सीडी चिकटवा, म्हणजे पुडा ठेवायला जागा झाली.

आता दट्ट्याचं क्षेत्रफळ हवं. व्यास मोजायच्या भानगडीत पडू नका, त्यात चूक होते. पट्टीने ० ते २० या खुणांमधलं अंतर मोजा. समजा ते ६.६ सेंटीमीटर आलं, तर २० भागिले ६.६, म्हणजे सुमारे ३ चौरस सेंटीमीटर. वातावरण प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर समुद्रसपाटीला सुमारे १.०३ किलो वजनाइतकं दाबतं. म्हणजे मुंबईत तुमच्या रिकाम्या दट्ट्यावर आधीच ३.१ किलोचा अदृश्य पुडा ठेवलेला आहे. पुण्यात तो २.९ किलोच्या आसपास.

अंदाजाचा रकाना असा भरायचा: २० गुणिले ३.१, भागिले (३.१ अधिक ठेवलेलं वजन). मुंबईसाठी तो असा दिसेल:

वजन नाही: २० मिली
१ किलो: १५.१ मिली
२ किलो: १२.२ मिली
३ किलो: १०.२ मिली

पुडा ठेवा. कुणीतरी दोन्ही हात जवळ धरून बसा, कारण तो कलंडतो. आणि लगेच आकडा वाचू नका. दाबल्याने हवा जराशी तापते, म्हणून अर्धा-एक मिनिट थांबा. मग खरी अडचण येते: दट्ट्याचं रबर नळीला धरून बसतं. यावर उपाय आहे. दट्ट्या बोटाने थोडा खाली दाबून सोडा आणि वाचा. मग थोडा वर ओढून सोडा आणि वाचा. दोन्हींची सरासरी घ्या. एका बाजूने घर्षण जेवढं फसवतं, साधारण तेवढंच दुसऱ्या बाजूने उलटं फसवतं. शेवटी सगळी वजनं काढल्यावर दट्ट्या २० च्या आसपास परत यायला हवा. तो १७ वरच अडला तर हवा गळली, एम-सील पुन्हा लावा.

मुलांना इथे एक उलटा डाव दाखवा. वातावरणाचं वजन माहीत नाही असं समजा आणि वाचनांतून तेच काढा. सूत्र: ठेवलेलं वजन भागिले (२० भागिले वाचलेला आकडा, वजा १). ३ किलोवर १० मिली आलं तर ३ भागिले १, म्हणजे ३ किलो. साखरेच्या पुड्यांनी तुम्ही वातावरण तोललंत. हे १ किलोच्या वाचनावरून काढू नका. तिथे १५ ऐवजी १६ वाचलं गेलं की उत्तर ३ वरून थेट ४ किलोवर जातं. ३ किलोच्या वाचनात तेवढीच चूक झाली तरी उत्तर इतकं बहकत नाही.

घाट उतरणारी बाटली

टॉरिसेलीने १६४४ साली एका पत्रात लिहिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. खरंच तळाशी असू, तर वर चढल्यावर डोक्यावरची हवा कमी व्हायला हवी. फ्रेंच गणिती पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधल्या प्वी द डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला. पारा तीन इंचांहून जास्त उतरला. पण त्याची हुशारी वेगळीच होती. दुसरी नळी त्याने पायथ्याच्या मठात ठेवली आणि एका पाद्र्याला दिवसभर तिच्याजवळ बसवलं. खालचा पारा हलला नाही, म्हणजे फरक हवामानाचा नव्हता, उंचीचाच होता.

आपल्याकडे सह्याद्री आहे. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, पाण्याची १ लिटरची रिकामी कोरडी बाटली उघडून घट्ट बंद करा. तिथलं तापमान लिहून ठेवा. आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला या. बाटली चेपलेली दिसेल. गाडीतली सगळी मंडळी एवढ्यावरच खूश होतात, पण आपल्याला आकडा हवा. बादलीत बाटली उपडी बुडवून पाण्याखालीच बूच उघडा. पाणी आत चढेल. पातळ्या सारख्या करा, पुन्हा बूच लावा आणि आत आलेलं पाणी सिरिंजने मोजा.

नुसत्या दाबाच्या हिशोबाने १४० मिलीच्या आसपास पाणी यायला हवं. येतं मात्र कमी, कारण खाली उकडतं आणि गरम हवा पसरते. वर २० अंश आणि खाली ३० अंश असेल तर अंदाज ११०–११५ मिलीपर्यंत घसरतो. तापमानाच्या या नियमावर झाक शार्लने १७८७च्या सुमारास काम केलं आणि गे-ल्यूसाकने १८०२ साली तो छापला. तुम्हाला तो घाटात भेटेल. फोनमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर दोन्ही ठिकाणचे आकडे टिपा. आणि घरी राहिलेल्या कुणाला तरी त्याच वेळी त्यांच्या फोनचा आकडा बघायला लावा. मठातला पाद्री हवाच.

ज्यांच्या इमारतीला चार मजले आहेत त्यांनी गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन पाण्याचा दाबमापक करून पाहावा. १२ मीटर नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरा, वरचं टोक पक्कं बंद, खालचं टोक बादलीत, आणि गच्चीवरून दोरीने नळी ओढायची. कठड्यावरून कुणी वाकायचं नाही. मुंबईत पाणी सुमारे दहा मीटरवर थांबतं, पुढे कितीही ओढा. रोममध्ये गास्पारो बेर्ती याने १६४० च्या सुमारास हाच खेळ केला होता. पातळ नळी वरच्या भागात चपटी होते, तेव्हा जाड भिंतीची घ्या.

दगडात बांधलेली हवा

स्कॉटलंडचा जोसेफ ब्लॅक याने १७५० च्या दशकात वायूच्या अभ्यासात तराजू आणला. चुनखडी भाजली की तिचा कळीचा चुना होतो आणि वजन जवळजवळ निम्मं उतरतं, हे भट्टीवाल्यांना ठाऊकच होतं. ब्लॅकने दाखवलं की गेलेलं वजन एका खास हवेचं आहे, आणि ती परत चुन्यात घालता येते. दगडात बांधली गेलेली म्हणून त्याने तिला ‘फिक्स्ड एअर’ म्हटलं. आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. चुन्याचा गिलावा वर्षानुवर्षं घट्ट होत जातो तो हीच हवा परत पिऊन.

कळीचा चुना घरात आणू नका, त्यावर पाणी पडलं की तो उकळतो. आपण खायचा सोडा घेऊ.

दोन लिटरचा जग घ्या. त्यात २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे ढोकळ्यासाठी मिळणारं लिंबूसत्त्व, १०० मिली पाण्यात विरघळवा. कागदावर २० ग्रॅम सोडा घ्या. जग, कागद, सोडा, चमचा हे सगळं एकत्र स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि वजन लिहा. मग सोडा चमच्याचमच्याने टाका. घाई केली तर फेसाचे तुषार उडतात आणि ते वजनही गेलेल्या वायूच्या खात्यात जमा होतं.

हिशोबाने १०.५ ग्रॅम वायू निघायला हवा. फेस बसल्यावर वजन केलंत तर ९ च्या आसपासच कमी झालेलं दिसेल. बाकीचा कुठे आहे? जगातच. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. आता एक पेटती मेणबत्ती ठेवा आणि जग हळूच तिरपा करून त्यातलं ‘काहीच नाही’ तिच्यावर ओता, फक्त पाणी सांडू देऊ नका. ज्योत विझते. जग पुन्हा काट्यावर ठेवा. आता आकडा १० च्या जवळ सरकेल. उरलेला थोडा पाण्यात विरघळलेला आहे.

हुशार मुलं विचारतात: जगाऐवजी बाटली घेऊन तिच्या तोंडाला फुगा लावला तर वजन कमी होणार नाही ना? करून बघा, पण फुगा मोठा घ्या, कारण एवढा वायू जवळजवळ सहा लिटर जागा घेतो. एक थेंबही बाहेर न जाता काटा सात ग्रॅमच्या आसपास घट दाखवेल. फुगलेला फुगा तेवढी हवा बाजूला सारतो आणि ती हवा त्याला वर उचलते. हवेत तोलताना हा हिशोब विसरला की माणूस फसतो.

ओळख पटवायला चुन्याची निवळी हवी. पानवाल्याकडचा चुना चमचाभर, पाणी एक लिटर, हलवा आणि रात्रभर ठेवा. वरचं स्वच्छ पाणी अलगद काढून घ्या. डोळ्यात जाऊ देऊ नका. एका पेल्यात तळाशी निवळी घेऊन वर जगातला वायू ओता आणि हलवा: दुधाळ होते. दुसऱ्या पेल्यात स्ट्रॉने श्वास सोडा: तीही दुधाळ. दगडातून निघणारी हवा आपल्या श्वासातही आहे हे ब्लॅकने असंच ओळखलं. फुंकत राहिलात तर दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो. कारण सांगू नका, मुलांना वहीत तर्क लिहू द्या.

लीड्समध्ये दारूच्या भट्टीशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रीस्टलीला १७६७ मध्ये हाच वायू आंबवणाच्या पिंपांवर तरंगताना सापडला. त्याने तो पाण्यात घोळवला आणि १७७२ साली त्याची कृती छापली. सोडा वॉटरची सुरुवात ती.

मेणबत्तीचा खोटा प्रयोग

ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं आणि गुरुजी म्हणतात, ऑक्सिजन जळला म्हणून एक पंचमांश पाणी चढलं. हे चूक आहे. तपासायचं असेल तर एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवा. पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन काही तिप्पट झाला नाही. ग्लास ठेवताना गरम झालेली हवा काठाखालून बाहेर पडते, विझल्यावर उरलेली गार होऊन आक्रसते आणि पाणी चढतं. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा निम्म्याहून अधिक ऑक्सिजन आत शिल्लकच असतो.

खरा एक पंचमांश बघायचा तर लोखंड गंजवा. लेथच्या कारखान्यातून लोहकीस आणा, तेल जावं म्हणून साबणाने आणि मग व्हिनेगरने धुवा. भांड्यांची चकचकीत तारेची घासणी चालणार नाही, ती स्टेनलेस असते आणि वर्षभर ठेवली तरी गंजत नाही. हा धडा मी चार दिवस वाट बघून शिकलो. ओला कीस मिठाच्या पाण्याचा हात लावून मापं केलेल्या बाटलीच्या आत चिकटवा, बाटली टबात उपडी ठेवा, पातळी लिहा. दोन-तीन दिवस द्या. पाणी चढणं थांबेल तेव्हा पातळ्या सारख्या करून वाचा: सुमारे २० टक्के. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने यासाठी पारा १२ दिवस तापवत ठेवला होता, तेव्हा ५० घनइंच हवेतून ४२–४३ उरली.

ही बाटली फेकू नका. तोंड पाण्याखालीच राहू द्या.

बाटलीवर लिहिलेला आकडा

१ ऑगस्ट १७७४ रोजी प्रीस्टलीने १२ इंची भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं. निघालेल्या हवेत मेणबत्ती विलक्षण जोमाने जळली. स्वीडनमध्ये शीले या रसायनशास्त्रज्ञाला हा वायू, म्हणजे ऑक्सिजन, त्याआधीच मिळाला होता, पण त्याचं पुस्तक १७७७ पर्यंत छापून आलं नाही.

आपण मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणू, ६ टक्क्यांचं. लेबलवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दुकानदारालाही बहुधा माहीत नसतो: १ मिली द्रवातून २० मिली ऑक्सिजन. म्हणजे १० मिलीतून २०० मिली. लेबल खरं बोलतं का ते हेल्सच्या टबात तपासता येतं.

छोट्या बाटलीत पाव चमचा यीस्ट थोड्या कोमट पाण्यात भिजवा. बुचातून दोन नळ्या काढा. एक टबातल्या भरलेल्या बाटलीखाली, दुसरीला १० मिली पेरॉक्साइडची सिरिंज. हळूहळू सोडा. शेवटी आकड्यातून सिरिंजने ढकललेले १० मिली वजा करा, कारण तेवढी साधी हवा बाहेर पडलेली असते. जुन्या, उघडून ठेवलेल्या बाटलीचं पेरॉक्साइड १५० चाही पल्ला गाठत नाही. पहिले बुडबुडेही बहुतेक साध्या हवेचेच असतात, म्हणून जळण्याच्या परीक्षेसाठी दुसऱ्यांदा भरलेली बाटली घ्या. ज्योत विझवून नुसती धुमसणारी उदबत्ती आत न्या. ती पांढरी भडकते.

आता ती गंजलेली बाटली काढा. आधी आतला थोडा वायू टबाखालूनच दुसऱ्या छोट्या बाटलीत ओतून घ्या: भरलेली बाटली वर धरायची, गंजलेली तिच्याखाली तिरपी करायची. त्या नमुन्यात पेटती काडी नेली की लगेच विझते. मग उरलेला वायू मोजा आणि दर चार भागांना एक भाग या हिशोबाने ऑक्सिजनचे बुडबुडे आत सोडा. बाटली हलवा, काचेने तोंड झाकून सरळ करा आणि पेटती काडी आत न्या. ती भडकत नाही, विझतही नाही. बाहेर जळत होती तशीच आत जळते.

लाव्हाझिएनेही उरलेल्या ४२ घनइंचांत ८ मिसळून हेच पाहिलं होतं. वहीतल्या ‘काय आलं’ च्या रकान्यात मुलं इथे लिहितात: साधी हवा.